आजोबांची वही आणि माझा सोऱ्या

दिवाळी उलटून तीन आठवडे झाले तरी आमचा शेवेचा सोऱ्या ओट्यावरून खाली उतरला नव्हता. त्यातून शेव पडत नव्हती. काळपट, ओलसर काड्या पडत होत्या आणि मी त्या सनमायकाच्या जुन्या फळीवर एकेक करून सरळ मांडत होते. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ह्यात शेव पाडायची, की नवा आणायचा?" मी म्हटलं, नवा आणू. माझ्या लग्नातला पितळी सोऱ्या कायमचा उदबत्तीत गेला. धंद्यातली ती माझी पहिली यंत्रसामग्री. तिची किंमत मात्र मी हिशेबात कुठेच धरली नाही. ही सवय पुढे चांगलीच नडली, ते येईलच.

माझं आजोळ पंढरपूर. प्रदक्षिणा मार्गावर मामांचं बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीमाळांचं दुकान होतं. अशा दुकानाचं वर्षाचं पोट चार वाऱ्यांवर भरतं. 2020 आणि 2021 अशा सलग दोन आषाढ्या पायी वारीविना गेल्या, पादुका एसटीने आल्या. मामा सत्तरीच्या पुढचे, मामेभाऊ हिंजवडीत नोकरीला. दुकान भाड्याने दिलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आवराआवरीत माझ्या वाट्याला आला तो लोखंडी खलबत्ता, तीन चाळण्या आणि आजोबांची लाल कापडी बांधणीची वही.

वहीत नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, कचोरा, चंदनाचा चुरा अशी नावं आणि पुढे तोळे-शेर. मी तेव्हा पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेब बघायचे, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम. एका संध्याकाळी सगळी वही मी किलो-ग्रॅममध्ये उतरवून काढली आणि मला वाटलं, बुक्क्याची कृती हाती आली.

त्या दिवसांत ओळखीतल्या एकीच्या वाढदिवसाला कुणीतरी काचेच्या ग्लासातली परदेशी मेणबत्ती दिली होती. किंमत दोन हजारांच्या घरात आणि वेष्टनावर लिहिलेलं 'टेम्पल'. वास व्हॅनिलाचा आणि थोडा धुराचा. मी मनात म्हटलं, अरे, देवळाचा खरा वास तर आमच्या वहीत आहे. मामांना फोन केला की बुक्क्याची उदबत्ती करते. ते म्हणाले, "बुक्का लावायचा असतो, जाळायचा नसतो." मी ते म्हाताऱ्या माणसाचं सोवळं समजून सोडून दिलं.

पहिला माल आणला रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून. ह्या दुकानांत नुसतं उभं राहणं हेच एक शिक्षण आहे. तिथल्या शेठनी नागरमोथ्याच्या दोन गाठी माझ्या तळहातावर ठेवल्या आणि एक मोडायला लावली. मोडल्यावर आतून लालसर आणि वास लगेच नाकात गेला तर माल ताजा. दुसरी मोडली तर नुसती माती. दोन्हींचा भाव किलोमागे चाळीस रुपयांनी वेगळा. वाळा मुळांच्या जुडीत घ्यायचा, भुकटी घ्यायची नाही, कारण भुकटीत काय काय दळलंय ते दळणाऱ्यालाच ठाऊक. कापूरकाचरी हिमालयातून येते, हिमाचल-उत्तराखंडकडून. तिच्या वाळलेल्या चकत्या डब्यात भरून ठेवल्या तर डबा उघडताना कापूर, आलं आणि कसलंतरी फूल असा वास येतो. आमच्या घरातल्या गव्हाच्या पिठाला तो दोन महिने येत होता. पोळ्यांनासुद्धा.

उदबत्तीचं गणित तसं सोपं. जळायला कोळशाची किंवा लाकडाची भुकटी, चिकटायला जिगट, वासाला मसाला, धरायला बांबूची काडी. जिगट म्हणजे मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीची पूड. पाणी लागलं की ती चिकट होते आणि जळताना आग धरून ठेवते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त उदबत्त्यांमध्ये मसाला नसतोच. कच्ची काळी काडी पोत्याने विकत घेतात आणि डीईपी नावाच्या द्रावकात पातळ केलेल्या सेंटमध्ये बुडवून वाळवतात. वीस रुपयांच्या पुड्याला मोगरा कसा परवडतो, ते मला तेव्हा कळलं. काडीवाल्याकडे गेले तर त्याचं वेगळंच रडगाणं. 2019 मध्ये सरकारने तयार उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले, 2020 मध्ये बांबूच्या काडीवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर नेलं. तोवर व्हिएतनामची काडी घेण्याची सवय सगळ्यांना लागलेली. "देशी काडी घ्या ताई," तो म्हणाला, "पण शंभरातल्या वीस वाकड्या निघतील, आत्ताच सांगतो." त्याने कमीच सांगितल्या.

काड्या वळल्या, सावलीत वाळवल्या. चौथ्या दिवशी एक पेटवली.

घरात पालापाचोळा जाळल्याचा वास पसरला. सासऱ्यांना दमा आहे, ते उठून गॅलरीत जाऊन बसले. मुलगा म्हणाला, "सोसायटीत कुणी कचरा पेटवलाय का?" मी खिडक्या उघडल्या आणि न पेटवलेली काडी नाकाशी धरली. तिला बुक्क्याचा वास होता. थोडा कमी, पण होता. तीच काडी पेटवली की पाचोळा.

पुढचे पाच महिने मी ह्या एका गोष्टीशी झटत होते. मसाला वाढवला की पाचोळा वाढायचा. कोळसा वाढवला की वासच गायब. राळ घातली, ऊद घातला, तेव्हा वास छान आला, पण तो राळेचा आणि उदाचा. गुग्गुळ घालावा म्हटलं तर शेठनीच अडवलं. गुग्गुळाची झाडं रानातून संपत आली आहेत आणि बाजारात भेसळ इतकी की खरा ओळखायलाच दोन वर्षं लागतील. हळूहळू डोक्यात उजेड पडला. उदबत्तीचा वास निखाऱ्यातून येत नाही. निखाऱ्याच्या मागे काडीचा जो दोन-चार मिलिमीटरचा भाग नुसता तापलेला असतो, तिथून सुगंधी तेलं उडतात. निखाऱ्यात जे सापडतं ते जळून जातं. चंदन, राळ असल्या गोष्टी ह्यातून तरतात. दवणा, मरवा, वाळा ह्यांचं नाजूक काम तिथे टिकत नाही.

त्यात पावसाळा आला. जुलैमध्ये मी चारशे काड्या वाळत घातल्या होत्या, पंखा लावून, वर्तमानपत्रावर. सहाव्या दिवशी त्यांच्यावर पांढरी लव उगवली. जिगट हवेतली ओल ओढते, हे वाचून माहीत होतं. आता चारशे काड्या कचऱ्यात टाकून माहीत झालं. तेव्हापासून नियम असा की माल दिवाळी ते मे एवढ्यातच करायचा. पण खप कधी? श्रावण, गणपती, नवरात्र. म्हणजे एप्रिलमध्ये पैसे गुंतवायचे आणि सप्टेंबरात मोजायचे. मधले पाच महिने पैसे डब्यांत वास घेत पडून राहतात. नोकरी सोडायचा विचार त्या वर्षी मी गुंडाळून ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत रजा काढून कन्नौजला गेले. कानपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिथे 1991 पासून सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे आणि नवख्यांना शिकवणारे छोटे अभ्यासक्रम असतात, पण मला ओढ होती ती जुन्या कारखान्यांची. मातीच्या भट्टीवर तांब्याची मोठी डेग, तोंड मातीने लिंपून बंद केलेलं, त्यातून सुतळी गुंडाळलेला बांबूचा चोंगा निघून पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ धरणाऱ्या भांड्यात, गेलेला. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. एक कारागीर अधूनमधून भपक्याला तळहात लावायचा आणि जाळ कमी-जास्त करायचा. मी विचारलं, किती अंशावर ठेवता? त्याने माझा हात धरून भपक्यावर ठेवला. "इतना," म्हणाला.

तिथे मिट्टीचं अत्तर बघितलं. भाजलेल्या मातीच्या चकत्या डेगेत टाकतात, पाणी घालतात आणि वाफ चंदनाच्या तेलात धरतात. पहिल्या पावसाचा वास बाटलीत. चंदनाचं तेल महागलं तसं भपक्यात दुसरं काही ठेवायची पद्धत आली, हे तिथलेच लोक मोकळेपणाने सांगतात. चंदनातलं आणि दुसऱ्यातलं अत्तर शेजारी-शेजारी हुंगायला दिलं की आपण आपोआप महागाकडे बोट दाखवतो. मीही दाखवलं. महिन्याच्या पगाराचा बराच भाग एका छोट्या बाटलीत घालून घरी आले आणि मोठ्या आशेने ते अत्तर उदबत्तीच्या मसाल्यात घातलं. पेटवल्यावर पहिला पाऊस अर्ध्या मिनिटात संपला. उरला तो माझा जुना पाचोळा.

त्या उन्हाळ्यात नणंद ओसाकाहून आली. तिच्या यजमानांची नोकरी तिकडे आहे. माझा उद्योग ऐकून तिने आवाजी बेटावरच्या उदबत्त्यांची एक चपटी पेटी आणली होती. जपानमधल्या उदबत्तीचा मोठा हिस्सा ह्या एका बेटावर होतो, आणि त्यांच्या 'निहोन शोकी' ह्या जुन्या बखरीत नोंद आहे की सन 595 मध्ये अगरूचा एक ओंडका समुद्रातून वाहत आवाजीच्या किनाऱ्याला लागला. लोकांनी तो सरपणात घातला आणि वासाने चकित झाले. (अगरू जपानात उगवत नाही. तो ओंडका आपल्याच बाजूच्या, आग्नेय आशियातल्या कुठल्यातरी रानातून गेलेला असणार, असं मला उगाचच वाटतं.)

पेटीतल्या काड्यांना बांबूच नव्हता! अख्खी काडी मसाल्याचीच, शेवेसारखी. पेटवली तर धूर कमी आणि पाचोळा नाही. माझ्या पाचोळ्यातला निम्मा वास बांबूचा होता, हे पाच महिने माझ्या नाकाला कळलं नव्हतं. त्यांचं जिगट म्हणजे ताबुनोकी नावाच्या झाडाची साल. शोधलं तर ते झाड आणि आपली मैदालकडी एकाच कुळातली, दालचिनी-तमालपत्राच्या. म्हणजे माल आपल्याकडेही होताच. मग सोऱ्या बाहेर काढला. बारीक शेवेची चकती, पीठ भाकरीच्या पिठाहून किंचित घट्ट, आणि पाडलेल्या काड्या वाकू नयेत म्हणून वरून टेबलाची जुनी काच. पहिल्या खेपेला काच जड झाली आणि काड्यांच्या पट्ट्या झाल्या. दुसऱ्या खेपेला जमलं. वाळा, चंदनचुरा, थोडा ऊद, नागरमोथा अगदी नावाला. ही काडी मी आजही विकते आणि ती चांगली आहे.

पण तो बुक्का नव्हता.

नणंदेने जाताजाता आणखी एक गोष्ट सांगितली. ओसाकाला ती एका सुगंध-समारंभाला गेली होती, त्याला कोदो म्हणतात. तिथे काही जाळतच नाहीत. राखेत निखारा पुरतात, राखेच्या ढिगावर अभ्रकाची छोटी चकती ठेवतात आणि तिच्यावर अगरूचा नखाएवढा तुकडा. तो तापतो, जळत नाही. माणसं वाटी हातात घेऊन आळीपाळीने वास घेतात. आणि त्याला 'वास घेणं' म्हणत नाहीत, 'ऐकणं' म्हणतात. ती हे गमतीने सांगत होती. माझ्या कानात मात्र मामा बोलले: जाळायचा नसतो.

अभ्रक कुठे मिळेल? पुण्यात ह्याचं उत्तर तपकीर गल्ली. विजेच्या सामानाचा हा बाजार, नाव मात्र नाकाशी नातं सांगणारं. जुन्या इस्त्र्यांच्या दुरुस्तीला अभ्रकाचे पातळ पत्रे लागतात, ते तिथे सुटे मिळतात. दुकानदाराने विचारलं, "कितीच्या इस्त्रीला?" मी म्हटलं, बुक्क्याला. त्याने काही न बोलता कात्री दिली.

कुंभारवाड्यातून बोळकी आणली, संक्रांतीच्या सुगडांपेक्षा थोडी मोठी, बाजूला हवेला तीन भोकं पाडून घेतलेली. ग्राहकाला राख आणि निखारा सांभाळायला सांगणं शक्य नव्हतं, म्हणून आत बशीतली छोटी मेणबत्ती, वर अभ्रक, त्यावर चिमूटभर बुक्का. ज्योत आणि अभ्रक ह्यांत चार सेंटिमीटर अंतर ठेवलं तर दहा मिनिटांत बुक्का करपायचा. आठ ठेवलं तर ढिम्म. सहाला जमलं. ज्या संध्याकाळी जमलं त्या संध्याकाळी सासरे गॅलरीतून आपणहून आत येऊन बसले. धूर नव्हता. वास हळूहळू खोलीभर झाला. थंड, मातकट, मागून किंचित कडसर.

आता विकायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण लोक ह्यालाच उगाच घाबरतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन हाताशी ठेवून बसलं की घरबसल्या होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर ती सरकारी नव्हेत. परराज्यात पार्सलं पाठवायची असतील तर जीएसटीची नोंदणी घ्याच, असं सीएंनी बजावलं. उदबत्ती-धुपाला दर 5 टक्के. पुड्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वैधमापन नियमांनुसार सक्तीचं आहे. माझी पहिली पाचशे लेबलं महिना-वर्षाविना छापली गेली आणि मी ते हाताने लिहीत बसले. ट्रेडमार्कला उदबत्ती तिसऱ्या वर्गात येते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे 4500 रुपये. मला नावात पंढरपूर हवं होतं. वकीलबाई म्हणाल्या, गावाच्या नावावर एकट्याचा हक्क मिळत नाही, वेगळं शोधा. शोधलं. इथे सांगत नाही, जाहिरात वाटेल.

किंमत ठरवणं मात्र ह्या सगळ्याहून अवघड. काड्यांच्या पेटीला कच्चा माल, पेटी, लेबल धरून 71 रुपये खर्च येत होता. मी 180 लावले. दुप्पट-अडीचपट, म्हणजे भरपूर झालं असं वाटलं. एका प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल घेतला. स्टॉलचं भाडं, रिक्षा, दोन वेळचं खाणं आणि माझ्या तीन रजा. 64 पेट्या खपल्या. हिशेब केला तर हातात पडले ते त्या तीन दिवसांत ऑफिसात बसून मिळाले असते त्याहून कमी. शेजारच्या स्टॉलवर कुरडया विकणाऱ्या काकू शांतपणे म्हणाल्या, "तू तुझी मजुरी धरलीच नाहीस बाई." मी, जी दुसऱ्यांच्या कंपनीचा पै-पैचा हिशेब ठेवते!

मुंबईतल्या एका महागड्या दुकानाने नमुने मागवले. त्यांच्या बाईंना बोळकं फार आवडलं. फक्त त्यावर बुद्धाचा चेहरा हवा होता, लेबलवर 'झेन' असं यायला हवं होतं आणि 'बुक्का' हा शब्द नको होता, कारण तो "ऐकायला जड" आहे. शिवाय दुकानाचा वाटा चाळीस टक्के. मी दोन दिवस खरंच विचार केला. खोटं कशाला बोलू, पैशांची गरज होती. पण विठोबाच्या कपाळाचा बुक्का बुद्धाच्या डोक्याखाली तापवायचा, ही कल्पना मामांना फोनवर कशी सांगायची ते सुचेना. नाही म्हटलं. तत्त्वापेक्षा लाजेनेच म्हटलं असावं.

पार्सलांचं दुःख वेगळं. बंगळुरूला पाठवलेल्या 24 बोळक्यांपैकी 11 फुटली. कुरियरवाल्यांनी भरपाई दिली नाही, पण फुटक्या बोळक्यांचे फोटो मागवून घेतले, का ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून बोळक्याच्या आत आणि बाहेर खाकी कागदाच्या पट्ट्या दाबून भरतो. भरतो म्हणजे मी आणि सासूबाई. त्यांची मजुरीही तेव्हा कुठे धरलेली नव्हती.

2023 च्या कार्तिकीनंतर, गर्दी ओसरल्यावर, बोळकं घेऊन पंढरपूरला गेले. मामा पलंगावर बसलेले. मी मेणबत्ती लावली, अभ्रकावर चिमूट ठेवली आणि परीक्षेला बसल्यासारखी वाट बघत राहिले. मामांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सामान सगळं आहे." मग थांबून, "बुक्का नाही."

मी वही काढून पुढे ठेवली. एकेक वजन वाचून दाखवलं. ते मान डोलावत होते, बरोबर आहे, हेही बरोबर आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी पदराला हात पुसत आल्या, वाकून बोळक्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ह्यात बकुळ कुठंय?"

वहीत बकुळ नव्हती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेच नव्हती.

वाड्याच्या मागच्या अंगणात बकुळीचं झाड होतं. मामींच्या आधी आजी आणि नंतर मामी, पहाटे उठून पडलेली फुलं परडीत वेचायच्या. पितळी पातेल्यात कुटलेल्या मसाल्याचा थर, वर पातळ धोतराचं फडकं, त्यावर बकुळ, पुन्हा फडकं, पुन्हा थर. तीन रात्री. रोज शिळी फुलं काढून ताजी घालायची. बकुळ वाळली तरी वास सोडत नाही, पण बुक्क्याला ताजीच लागते, असं मामी म्हणाल्या. नंतर फुलं फेकायची नाहीत, ती कपड्यांच्या ट्रंकेत.

"मग आजोबांनी हे लिहिलं का नाही?" मी विचारलं.

मामींना प्रश्नच कळला नाही. "बकुळीला पैसे कुठं पडत होते?"

मी वही पुन्हा उघडली. ज्या वहीला मी दोन वर्षं कृती समजत होते, ती खरेदीची वही होती. नावापुढे वजन, वजनापुढे दर, दरापुढे वाण्याचं नाव. चंदन होतं, कारण ते विकत यायचं. मरवा आणि दवणाही चैत्रात थोडे दिवस विकत यायचे, म्हणून तेवढ्या पानांवर होते. अंगणातलं झाड, पहाटेचं वेचणं, तीन रात्रींचे थर, ह्यांचा वाणी नव्हता. माझा जन्म हिशेब वाचण्यात गेला, आणि खरेदीखातं समोर असताना मला ते ओळखू आलं नाही.

मामा खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं तुला माहीत असेल," एवढंच म्हणाले.

पुढच्या मोसमात मी पुण्यात बकुळ शोधायला लागले. रस्त्याकडेला ह्या शहरात बकुळी बऱ्याच आहेत, पण झाडूवाल्या मावशींच्या आधी पोचावं लागतं. पहाटे साडेपाचला पदपथावर वाकून चिमुकली फुलं वेचणाऱ्या बाईला मॉर्निंग वॉकवाले आधी वळसा घालून जायचे, मग थांबून चौकशी करायचे, मग एकदोघी वेचायलाच लागल्या. धूर बसलेली, चुरगळलेली फुलं निवडून टाकायची. तास-सव्वातासात एक ओंजळ. एवढ्याने दोनशे ग्रॅम बुक्क्याचा एक थर होतो. मी घड्याळ लावून मोजलं.

तिसऱ्या रात्रीनंतर पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, दुकानाच्या फळीखाली बसलेली, वारकऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. ह्याच्यापुढे त्या वासाचं वर्णन मला जमत नाही.

मग खर्चाचा तक्ता नव्याने मांडला. 'बकुळ' अशी ओळ घातली आणि पुढे दर काय लिहायचा ह्यावर अडले. शून्य लिहिलं, खोडलं. एक तास दहा मिनिटं लिहिलं. मग सोऱ्या चालवण्याचे तास, काड्या निवडण्याचे, सासूबाईंच्या खाकी पट्ट्यांचे, अशा ओळी वाढत गेल्या. बुक्क्याच्या डबीची किंमत 240 वरून 390 करावी लागली, काड्यांची 180 वरून 260. नेहमीच्या ग्राहकांपैकी काही गेले, आणि त्यातल्या एकीने "आता तुम्हीही मोठ्या झालात" असं लिहून कळवलं. बंगळुरू, सिंगापूर, न्यू जर्सीतले मराठी लोक राहिले. पंढरपूर सोडून बरीच वर्षं झालेले एक आजोबा दर चार महिन्यांनी एकच डबी मागवतात आणि बोळकं नको म्हणतात. ते कपाळाला लावत असणार.

नोकरी मी अजून सोडलेली नाही. आठवड्यातून चार दिवस ऑफिस, असं ठरवून घेतलंय.

गेल्या वर्षापासून बकुळ पंढरपूरहून येते. अंगणाचा तो भाग विकला गेलाय, पण झाड नव्या मालकाने ठेवलंय आणि मामींना कुंपणाच्या आत जायची मुभा आहे. त्या तिथेच थर लावतात, मी कुटलेला मसाला एसटीच्या पार्सलने पाठवते. पैशांचं मीच काढलं, त्या नको-नको म्हणाल्या, मी हट्ट धरला. पंधरा दिवसांनी मामेभावाच्या फोनवरून एका कागदाचा फोटो आला. मामींचं वळणदार अक्षर, समास आखलेला. बकुळ परड्या 14, दर परडी 90. थर लावणे, रात्री 9, दर रात्री 100. फडकी धुणे 40. एकूण 2,200.

माझ्या तक्त्यात मी परडीला साठ धरले होते. फोन केला, म्हटलं मामी, नव्वद जरा जास्त होतात. त्या म्हणाल्या, पहाटे अंगणात साप असतात. आणि मागच्या खेपेच्या तीन परड्या तुझ्याकडेच राहिल्यात, त्या लवकर पाठव.